बारच्या तोंडावरचं कुंकू

आमच्या लॅबमध्ये आवाज एकच व्हायचा. ठक्क! आणि तो विरायच्या आत आम्ही तिघं जमिनीवर रांगायला लागायचो. एक विभागप्रमुख, एक पीएच.डी. करणारी बाई आणि एक लॅब असिस्टंट, म्हणजे मी. सरांची पँट दोन्ही गुडघ्यांवर कायम पांढरी. दारातून एखादा विद्यार्थी डोकावला तर त्याला वाटायचं, सरांची अंगठी हरवली. हरवलेलं असायचं एक बटण. शर्टाच्या बटणाएवढंच, पण धातूचं, आणि नुकताच जबर मार खाऊन चपटं झालेलं. मार बसला की ते उडायचं आणि कपाटाखाली, वायरींच्या गुंत्यात, कुठेही जाऊन बसायचं. ते सापडल्याशिवाय चहा नाही, असा नियम होता.

ही गोष्ट नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं. एसटीवरची पाटी बदलली, माझी जीभ अजून वळायची आहे. गावाबाहेर, उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी रखडते त्या रस्त्यावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची आमची लॅब. मी तिथे उमेदीत लागलो, आता केस पिकले. यंत्र मात्र तेच आहे.

यंत्र दिसायला अगदी साधं. पोलादाच्या दोन गोल सळ्या, अंगठ्याएवढ्या जाड, आणि लांबीला प्रत्येकी इतक्या की दोन माणसं एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं करून झोपतील. आम्ही त्यांना बार म्हणतो. दोन्ही बार एका रेषेत, आणि मध्ये ग्रीसचं बोट लावून ते बटण. पहिल्या बारच्या मागे हवेची बंदूक. कंप्रेसरनं हवा भरायची, झडप सोडायची, की बंदुकीतून एक आखूड दांडा सुटतो आणि पहिल्या बारच्या तोंडावर आदळतो. धक्का लाटेसारखा बारमधून पळतो, बटणाला चिरडतो आणि उरलासुरला पुढच्या बारमध्ये निघून जातो. बारवर केसासारख्या बारीक तारा चिकटवलेल्या असतात. त्या लाटेचा माग काढतात आणि पडद्यावर रेघ उमटते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं असं मी पाहुण्यांना सांगायचो. सर मला दुरुस्त करायचे, "पापणी फार आळशी असते हो."

आईनं मला एकदा विचारलं होतं, "एवढा पगार घिऊन तू दिसभर करतोस तरी काय?"

मी म्हणालो, "गुळाची ढेप अंगठ्यानं हळूहळू दाबली तर काय होतं?"

"दबती."

"आणि बत्ता हाणला तर?"

"फुटती."

"धातूचंही तसंच. हळू दाबला तर एक वागतो, फटका बसला तर निराळंच वागतो. आम्ही फटका मारून बघतो."

आईनं विचार केला. "फुटलेला गूळ खायला तरी येतो," ती म्हणाली, आणि विषय संपला.

पीएच.डी. करणारी ती बाई मिरजगावकडची, बागायतदाराची मुलगी. सरांसमोर मी तिला मॅडम म्हणायचो आणि सर गेले की ताई. ती मला दादा म्हणायची. आठवड्यातून एकदा तिचे वडील एसटीच्या कंडक्टरच्या हाती पिशवी धाडायचे. भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीच्या भाकरी, आणि चटणी इतकी जहाल की सरांनी एकदा ती चाखून अर्धा दिवस मौन पाळलं. ताई शहरात असताना शुद्ध बोलायची, पण आनंद झाला की तिची भाषा पायातल्या चपला काढून पळत सुटायची.

तिचा धातू विमानासाठीचा होता. अॅल्युमिनियममध्ये आणखी दोन-तीन धातू मिसळून एका कारखान्यानं प्रयोग म्हणून एकदाच ओतलेला. तो कारखाना पुढे बंद पडला. तळहाताएवढा तुकडा ताईच्या वाट्याला आला आणि त्यातून बरोबर बारा बटणं निघाली. पुन्हा तो धातू मिळणार नव्हता. ती बटणं तिनं हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. डबी तीनदा धुतली, तरी विमानाच्या धातूला शेवटपर्यंत हिंगाचा वास येत राहिला.

सरांची अट एकच होती. एकाच वेगाचे तीन फटके, आणि तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. "एक आली तर योगायोग," ते म्हणायचे, "दोन आल्या तर मैत्री. तीन आल्या की मी सही करतो."

आठ बटणं गेली आणि एकही रेघ धड आली नाही. लाट पडद्यावर गुळगुळीत चढायला हवी, आमची करवतीच्या दातांसारखी यायची. ताई कधी तारा बदलायची, कधी बार पुन्हा एका रेषेत आणायची. मी फटक्याआधी बारचं तोंड अॅसिटोननं पुसायचो, कारण तो सरांचा धर्म होता. सरांचे आजोबा देवळात पुजारी. सरांनी जानवं केव्हाच काढलं, पण सोवळं काही सुटलं नव्हतं. ते देवाकडून बारकडे आलं होतं. बारला बोट लावायचं नाही, बारवर ओणवं होऊन बोलायचं नाही, आणि तोंडावर धुळीचा कणही राहू द्यायचा नाही.

नवरात्र आलं तेव्हा डबीत चार बटणं उरली होती.

खंडेनवमीला आमच्या कॉलेजात नुसता उत्साह. वर्कशॉपमधल्या लेथला हार, ड्रिलला हार, ऑफिसातल्या झेरॉक्सला हार. शिपायानं तर पंचिंग मशीनलाही झेंडूचं फूल वाहिलं होतं. सर सकाळीच लॅबच्या दारात उभे.

"इथं हळदकुंकू नाही. एक कण जरी तोंडावर राहिला तरी मोजमाप गेलं."

"होय सर."

"किल्ली."

मी किल्ली दिली. सरांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि दोन्ही किल्ल्या खिशात घालून स्कूटरवरून गेले.

आता मी कुठला? शनिशिंगणापूरच्या शेजारचा. आमच्याकडे घराला चौकट असते, दार नसतं. मी अशाच घरात वाढलो. दुपारच्याला कुत्रं आत येऊ नये म्हणून आडवी फळी लावायची, एवढाच आमचा बंदोबस्त. त्यामुळे कुलूप ही वस्तू मला अजूनही हुकूम वाटत नाही, सूचना वाटते. कंप्रेसरच्या खोलीतून लॅबमध्ये यायला एक लहान दार होतं आणि त्याला नुसती कडी होती.

मी आत गेलो. सगळ्या कॉलेजात फुलं, आणि आमचे बार उघडेबोडके, दिवाळीला एकट्याच पोराला नवे कपडे नसावेत तसे. मी पहिला बार हळूच मागे सरकवला. जिथे दांडा आदळतो त्या तोंडावर ओलं कुंकू जरा सढळ हातानं लावलं आणि वर झेंडूची एक पाकळी चिकटवली. हात जोडले. म्हणालो, "बाबा, त्या पोरीचे चारच उरलेत. जरा सांभाळून घे."

पुसणारच होतो. तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली. मी बार जागेवर ढकलला आणि कंप्रेसरच्या खोलीतून पसार झालो. स्कूटर सरांची नव्हतीच, क्लार्कची होती. पण मी तोवर फाटकाबाहेर पोचलो होतो. म्हटलं, सुट्टी संपली की सगळ्यांच्या आधी येऊन पुसू.

सुट्टी संपली तो दिवस शनिवार. शनिवारी आमच्या भागात सगळ्यांच्या आधी कुठेही पोचता येत नाही. शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या, तेलाच्या बाटल्यांचे टेम्पो, आणि त्या सगळ्यात अडकलेली आमची एसटी. मी कॉलेजच्या फाटकातून पळत येतोय आणि आतून ऐकू आलं: ठक्क!

ताई पहिल्या गाडीनं आली होती, सरांच्या घरून किल्ली घेऊन. तोंड मी सुट्टीआधीच पुसून ठेवलं असणार, असं तिनं धरलं होतं. शिवाय ते तोंड बंदुकीच्या नळीत जाऊन बसतं, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही.

मी दारात पोचलो तर ताई पडद्यासमोर उड्या मारत होती. "दादा! इकडं या! बघा की! लई भारी आली!"

आली होती खरी. एकही दात नाही. रेघ अशी चढली होती, जशी माठाच्या पोटावरून बोट फिरवावं.

"मी सुट्टीच्या आदल्या दिवशी तारा नव्यानं जोडल्या होत्या," ती म्हणाली. "तिथंच घोळ हुता! आठ बटनं मी उगं घालवली!"

मी तोंड उघडलं. त्यात तिनं पेढा घातला. दुसराही घातला. सर आले, त्यांनी रेघ पाहिली आणि म्हणाले, "योगायोग." त्यांच्या तोंडून हे म्हणजे कौतुकच. तारांची गोष्ट त्यांनाही पटली. मग आम्ही तिघं रांगलो, बटण कपाटामागे सापडलं, चहा झाला, आणि मी काहीही बोललो नाही. मनात म्हणत होतो, चिमूटभर कुंकवानं पोलादाला काय फरक पडणार आहे? खरंच तारांमुळे असेल.

सोमवारी सकाळी मी नेमानं अॅसिटोन घेतलं, बार सरकवला आणि तोंड पुसलं. फडकं लालभडक झालं. पाकळीचा उरलेला काळपट पापुद्राही त्याला लागला. मी फडकं घडी घालून खिशात टाकलं. ताईनं बटण लावलं, झडप सोडली.

ठक्क.

पडद्यावर करवत.

डबीत आता दोन बटणं. हातात एक रेघ. तिन्ही जुळायला हव्या असतील तर उरलेल्या दोन्ही बटणांवर रेघ नीटच यायला हवी होती. एक जरी बिघडली असती तरी तीन वर्षांचं काम कपाटात गेलं असतं.

ताई रडली असती तर मी निसटलो असतो. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं, पाणी देताना वेळ काढता येतो. पण ती रडली नाही. तिनं सोल्डरिंगची सळई तापवली आणि सगळ्या तारा एकेक उकलून पुन्हा जोडायला घेतल्या. दुपारी पिशवी सोडली नाही. मी भाकरीची आठवण केली तर म्हणाली, "तुम्ही खा दादा. माझाच हात हलला असणार जोडताना."

दार नसलेल्या घरात वाढलेल्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. माझ्या पोटात ती दोन दिवस राहिली होती, हाच माझा विक्रम. मी खिशातून फडकं काढलं आणि तिच्यासमोर टेबलावर उलगडलं.

"तुमच्या हातानं काही केलं नाही, ताई. माझ्या हातानं केलं."

तिनं फडक्याकडं पाहिलं. "हे काय?"

"कुंकू. खंडेनवमीचं. बारच्या तोंडावर होतं, शनिवारी. आज मी पुसलं."

सोल्डरची सळई धुपत होती. तिनं ती शांतपणे बाजूला ठेवली.

"दादा, शनिवारी तुम्ही पेढा खाल्ला."

"खाल्ला."

"दोन खाल्ले."

"दोन खाल्ले."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"आज सकाळी तरी बोलायचं. मी बटण लावत असताना तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. ते बटण वाचलं असतं."

मी फडक्याच्या कडा सरळ करत राहिलो.

मग ती वाकली, फडकं नाकाशी नेलं, बोटानं तो पापुद्रा चोळून पाहिला. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. "किती जाड लावलं हुतं?" तिची भाषा पळत सुटली, तेव्हा मला कळलं की मी वाचलो.

तिनंच मग मला समजावलं. पोलाद पोलादावर कोरडं आदळलं की धक्का एकदम बसतो आणि लाटेला दात फुटतात. मध्ये काही मऊ असलं की धक्का दमादमानं चढतो. बाहेरच्या लॅबमध्ये म्हणूनच तिथे तांब्याची बारीक चकती लावतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पहिल्याच वर्षी तिनं सरांना विचारलंही होतं. सर म्हणाले होते, "युक्त्या नंतर. आधी स्वच्छता."

आम्ही सरांकडे गेलो. ताईनं शनिवारची आणि आजची रेघ शेजारी शेजारी ठेवली. सरांनी चष्मा वर केला.

"शनिवारी तोंडावर काय होतं?"

मी म्हणालो, "कुंकू, सर."

सरांच्या चेहऱ्यावर पुजाऱ्याचा नातू आणि विभागप्रमुख यांची झटापट चालली होती. कोण जिंकतंय ते मला दिसत नव्हतं.

"कोरडी पिंजर की ओलं?"

"ओलं. वर झेंडूची एक पाकळी."

"आत कसे गेलात?"

"कंप्रेसरच्या खोलीतून."

"हं." त्यांनी खण उघडला, मायक्रोमीटर काढला आणि माझ्या हातात दिला. "झेंडू आणा. पाकळीची जाडी मोजू."

पुढचे चार दिवस आमच्या लॅबला कधी नव्हे तो सणाचा वास होता. साध्या अॅल्युमिनियमच्या बटणांवर आम्ही एकेक वस्तू तपासली. ओलं कुंकू, पाकळी, जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, ताईची टिकली. मी पेढा सुचवला, सरांनी मुंग्यांचं कारण देऊन नाकारला. दात सगळ्यांनी थोडेबहुत घालवले. पण कुंकवाची रेघ दर वेळी वेगळी यायची, कारण माझं बोट दर वेळी वेगळं. ज्याची जाडी ठरलेली आहे असंच काही हवं होतं.

"तांबंच," सर म्हणाले. "पण मऊ. दुकानातला पत्रा कडक निघेल."

मी घरी फोन लावला.

"आई, आपला बंब हाय का अजून?"

"हाय की कोपऱ्यात. बूड गेलंय त्याचं. का?"

"त्याच्या आतल्या नळ्याचं तांबं पायजे."

"आरं, तुझी अंघोळ झाली त्यात लहानपनी!"

"म्हणूनच. वर्षानुवर्षं विस्तवावर तापलंय, मऊ झालंय."

"घिऊन जा," आई म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "ते काय फोडता त्याला एकदाचं यश येऊ दे म्हनावं त्या पोरीला."

बंबाचा तुकडा मी पिशवीत घालून आणला. काजळी घासली, वर्कशॉपमध्ये पंचनं टिकलीएवढ्या चकत्या पाडल्या. साध्या बटणावर पाच वेळा फटका मारला, पाचही रेघा एकमेकींवर बसल्या. ताईनं हिंगाची डबी उघडली.

पहिलं बटण तिनं लावलं, झडप तिनंच सोडली. रेघ नीट आली. ताईनं त्या लाटेवरून धातूची रेघ काढली, आणि सरांनी ती शनिवारच्या धातूच्या रेघेवर ठेवून उजेडात धरली. लाटा वेगळ्या होत्या, पण कुंकवाची आणि तांब्याची अशा धातूच्या दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. "तोंडावर काही असो," सर म्हणाले, "धातूचं म्हणणं एकच आहे. मैत्री झाली."

शेवटचं बटण लावून झाल्यावर ताईनं झडपेवरचा हात काढला. "दादा, तुम्ही सोडा."

"मी? मी एक घालवलंय."

"म्हणूनच."

मी सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी झडप सोडली. ठक्क! डोळे मी मिटले होते, त्यामुळे पडद्यावर काय आलं ते मला ताईच्या ओरडण्यावरून कळलं. त्या ओरडण्यातला एकही शब्द शुद्ध नव्हता.

बटण मात्र गायब. ते कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं होतं, तेव्हा रांगणं आलंच. कपाट हलवलं, वायरी उचलल्या, कंप्रेसरची खोलीही झाडली. तासभरानं सर हताश होऊन खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला, आणि त्यांच्या पँटच्या खालच्या दुमडीतून काहीतरी टण् करून फरशीवर पडलं. कुणी हसलं नाही. सर स्वतः हसले, तेव्हा मग आम्ही इतके हसलो की शेजारच्या वर्गातून माणूस पाहायला आला.

सही करण्याआधी सरांनी लॅबचं रजिस्टर मागवलं. प्रत्येक फटक्याची नोंद त्यात असते. शनिवारच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं तोंडावर काय होतं ते लिहिलेलं नाही."

"तसा रकानाच नाही, सर," ताई म्हणाली.

"मग काढा."

ताईनं पट्टी घेऊन पानाच्या कडेला उभी रेघ मारली, वर 'तोंडावर' असं लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मी शनिवारच्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलं: ओलं कुंकू, झेंडूची पाकळी एक. सरांनी त्याखाली सही केली, आणि मग तिच्या प्रबंधावर.

ताई आता दूरच्या एका शहरात शिकवते. सर निवृत्त झाले. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे, आणि त्याचा दोष ते अजून माझ्या लॅबच्या फरशीला देतात. कितवंतरी रजिस्टर सध्या चालू आहे, पण नवं आलं की मी पहिल्या दिवशी पट्टी घेऊन तो रकाना आखतो. नवी मुलं विचारतात, हा कशाला? मी त्यांना किल्लीचं जुडगं दाखवतो. त्यात लॅबची किल्ली आहे आणि तिच्या शेजारी भोक पाडून ओवलेलं एक चपटं बटण. सोमवारचं, माझ्या गप्प बसण्यानं वाया गेलेलं. ताईनं जाताना ते माझ्या हातावर ठेवलं होतं. म्हणाली होती, "हे तुमचं."

खंडेनवमीला तिचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"दादा, लावलं का?"

"लावलं."

"आणि?"

"पुसलं."

"वहीत?"

"लिहितोय की ताई, पेन तर उघडू द्या."